सलीम अलींची जयंती नदीकाठी कशी करावी

सांगलीतल्या एका हायस्कूलमध्ये मी ३१ वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. पोरं मामा म्हणायची, आता त्यांची पोरंही मामाच म्हणतात. दर १२ नोव्हेंबरला, पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींच्या जयंतीला, आम्ही कृष्णाकाठी कार्यक्रम करतो. अलीकडं पलूस, तासगाव, विट्याकडनं फोन येतात, "मामा, आमच्या मंडळालाही करायचंय, काय काय लागतं?" फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा बैठक मारून सगळं लिहून काढतोय.

आधी आमचं काय चुकलं ते सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही इतर जयंत्यांसारखीच ही जयंती केली. हॉल, फ्लेक्स, फोटोला हार, समई, स्वागतगीत. वेळ ९ची आणि पाहुणे आले सव्वादहाला. फ्लेक्स छापणाऱ्यानं नेटवरनं देखणा पक्षी शोधून मकाव टाकला होता, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला पोपट. भाषण चालू असताना खिडकीबाहेर उंबरावर तांबट टुक टुक टुक करत होता. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा मान वाकडी करून त्याला शोधत होता, तर मागून आवाज आला, "समोर बघ रे!" मला त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. ज्या माणसानं वयाच्या नव्वदीपर्यंत पक्षी बघितले, त्याच्या जयंतीला पक्ष्याकडं बघितलं म्हणून पोरानं बोलणी खाल्ली.

दुसऱ्या वर्षापासून हॉल बंद. कार्यक्रम पहाटे, बाहेर, आणि त्याचा गाभा एकच ठेवला: ठरलेल्या जागी उभं राहून पक्षी मोजायचे, वहीत लिहायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी मोजायचे. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं.

तारखेचं आधी बघू. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, साल १९३२, गाव सोलापूर. जन्म जंगलात गेलेला हा माणूस २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेला. १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा, साल १८९६, गाव मुंबई. पाचपासून बारापर्यंत मोजले तर आठ दिवस होतात, म्हणजे एक रविवार त्यात येतोच येतो. बारा तारीख शाळेच्या दिवशी आली तर पक्षीगणना त्या रविवारी घ्या आणि बाराला शाळेत नुसतं परिपाठाला वाचन करा. दिवाळीचं मात्र कॅलेंडर बघूनच ठरवा. २०२३ ला १२ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होतं. आदल्या रात्रीचे फटाके, काठावर धूर, निम्मी पोरं मामाच्या गावाला. अशा वर्षी सप्ताहाच्या पहिल्या दोन दिवसांत उरकलेलं बरं.

जागा निवडताना मोठं नाव बघू नका. सागरेश्वर आहे, मायणीचा तलाव आहे, पण तिथं गाडी करावी लागते आणि पैसे कमी पडले की पुढच्या वर्षी खंड पडतो. चालत किंवा सायकलवर जाता येईल अशी जागा घ्या. आम्ही हरिपूरला जातो. संगमेश्वराच्या देवळाखाली कृष्णा आणि वारणा मिळतात, वर जुनी झाडं आहेत, बाजूला मळीची म्हणजे नदीच्या गाळाची रानं आणि ऊस. म्हणजे पाणी, झाड आणि रान अशा तीन तऱ्हांचे पक्षी एकाच फेरीत दिसतात. तुमच्या गावात नदी नसेल तर पाझर तलाव, ओढा, गावविहीर, स्मशानाची झाडी, काहीही चालतं. स्मशानात माणसांची वर्दळ कमी, म्हणून पक्षी फार.

जागा ठरली की आठवडाभर आधी त्याच वेळी स्वतः एकदा जाऊन या. दुपारी बघितलेली जागा पहाटे वेगळीच असते. ऊन कुठनं येतं ते बघा, कारण सूर्य पाठीशी हवा. समोर असला तर सगळे पक्षी काळेच दिसतात. रानातनं वाट जात असेल तर मालकाला विचारा. आमच्या वाटेवरचे एक शेतकरी आधी "पोरं ऊस मोडत्यात" म्हणून नाराज होते. एकदा त्यांनाच बरोबर घेतलं, आता तेच आदल्या दिवशी फोन करून "भोरड्या उतरल्यात बघा" म्हणून सांगतात.

आणि मगर. कृष्णेत आमच्या जिल्ह्यात मगरी आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कार्यक्रमाच्या गडबडीत विसरलं जातं. थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात. पाण्याच्या कडेला मुलं बसवायची नाहीत, शेवटच्या पायरीवर उतरू द्यायचं नाही, हातपाय धुवायला बादली वर आणून ठेवायची. मी एक दोरी घेऊन जातो आणि पाण्यापासून बऱ्याच अंतरावर बांधतो. दोरीच्या पलीकडं कोणी जायचं नाही, मीसुद्धा नाही.

सामान फार लागत नाही. दुर्बिणी जमल्या तर बऱ्या. ८ × ४० असं लिहिलेली घ्या. त्यातल्या ८ चा अर्थ पक्षी आठपट जवळ दिसतो आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १२ किंवा १६ पटीची मोठी दुर्बीण पोरांच्या हातात थरथरते, काही दिसत नाही. सहा मुलांत एक दुर्बीण पुरते. गावात कुणाकुणाच्या कपाटात दुर्बिणी पडून असतात, महिनाभर आधी विचारायला सुरुवात करा.

दुर्बीण हातात दिली की मूल ती डोळ्याला लावून आभाळभर फिरवतं आणि म्हणतं, "मामा, कायच दिसंना." म्हणून आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात अर्धा तास सराव घ्या. पहिल्यांदा पट्टा गळ्यात. मग दोन नळ्या उघडझाप करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत जुळवायच्या. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, नंतर डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. हे झालं की पुढं फक्त मधलं चाक. आता खरी खुबी. पक्षी आधी नुसत्या डोळ्यानं पकडायचा. नजर त्याच्यावरनं हलवायची नाही, मान हलवायची नाही, आणि तसंच दुर्बीण खालनं वर डोळ्यापर्यंत आणायची. मी मुलांना ध्वजस्तंभाच्या टोकावरचा कप्पीचा खिळा शोधायला लावतो. पाच-सहा वेळा केलं की हात बसतो. पहिल्यांदा खिळा दिसतो तेव्हा पोरांचं तोंड उघडं पडतं. ते बघायला मी दरवर्षी थांबतो.

बाकी यादी अशी: प्रत्येक गटाला एक वही आणि दोन शिसपेन्सिली, एक घड्याळ, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, चिटकोऱ्यांसाठी एक रिकामी पिशवी. लाल, पांढरे भडक कपडे नकोत, शाळेचा खाकी-हिरवा गणवेश असेल तर उत्तम. लाउडस्पीकर अजिबात नको. त्यामुळं त्याच्या परवानगीची भानगडही राहत नाही.

सकाळचा क्रम सांगतो. त्या दिवसांत आपल्याकडं सूर्य साडेसहाच्या पुढं उगवतो. सव्वासहाला सगळे जमलेले हवेत. उशिरा येणाऱ्यासाठी थांबायचं नाही, पाहुणा असला तरी. सहा-सहांचे गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस द्या. गटात दोघं बघणार, एक जण घड्याळ धरणार, एक लिहिणार, उरलेली दोघं मागं आणि वर बघणार. दर दहा मिनिटांनी कामं बदलायची, नाहीतर दुर्बिणीवरनं भांडणं होतात.

आमच्या पाच जागा ठरलेल्या आहेत, एकमेकींपासून साधारण दोनशे पावलांवर. प्रत्येक जागी दहा मिनिटं उभं राहायचं. त्या दहा मिनिटांत एका जातीचे एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसले तेवढाच आकडा लिहायचा. म्हणजे एकच खंड्या तीनदा इकडनं तिकडं उडाला तरी तो एकच. थवा आला तर एकेक मोजत बसू नका. डोळ्यानं दहा पक्षी मोजा, दहांनी किती जागा व्यापली ते लक्षात ठेवा आणि थव्यात तशा किती जागा बसतात ते बघा. उजाडताना बगळ्यांच्या रांगा नदीवरनं जातात, तेव्हा हे कामाला येतं.

ओळख पटली नाही तर नाव लावू नका. ही गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा सांगतो. मोठी माणसं नाव सांगायची घाई करतात, मुलं ते लिहून टाकतात, आणि वही खोटी होते. त्याऐवजी दिसलं ते लिहायचं. आमच्या एका वहीत पाचवीतल्या मुलीनं लिहिलंय, "चिमणीपेक्षा लांब, पोट पिवळं, शेपूट सारखी खालीवर, पाण्याच्या कडंकडंनं पळतो." वाचणाऱ्याला कळतंच की हा करडा धोबी, थंडीपुरता आपल्याकडं आलेला पाहुणा. नाव तिला नंतर कळलं, पण बघितलं तिनं पूर्ण.

हरिपूरला हमखास काय दिसतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले, वंचक, गायबगळे, टिटवी, शेकाट्या, नदीवरनं फिरणारा सुरय, तारेवर वेडा राघू आणि कोतवाल, झाडीत बुलबुल, दयाळ, शिंजीर, भारद्वाज. आणि मुलांचा सगळ्यात लाडका कवड्या खंड्या. काळा-पांढरा, कवडीसारखा. पाण्यावर दोन-तीन पुरुष उंचीवर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच सरळ खाली. अख्खा गट श्वास धरतो. मग तो पंख मिटतो आणि दगडासारखा पडतो. कधी मासा मिळतो, कधी नुसताच भिजून वर येतो आणि पुन्हा तिथंच थांबतो. एकदा एका पोरानं मोजलं होतं, चार वेळा रिकामा आला, पाचव्यांदा मासा. वहीच्या समासात त्यानं "५ वा" असं लिहून दोन रेघा मारल्यात.

मोजणी आठपर्यंत संपते. मग सगळ्यांनी देवळाच्या आवारात सावलीला बसायचं, खायचं, आणि तेव्हा सलीम अलींची गोष्ट. भाषण नाही, गोष्ट. दहा मिनिटांत सांगून होते, पण सांगणाऱ्यानं ती आधी नीट पाठ केलेली हवी.

लहानपणीच आई-वडील गेलेला हा मुलगा मुंबईत मामाच्या घरी वाढला. मामांचं नाव अमिरुद्दीन तय्यबजी, ते शिकारीचे शौकीन. पोराच्या हातात छऱ्याची बंदूक होती आणि तो चिमण्या मारायचा. एक दिवस पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची नव्हे, मग कोण? मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ पासून चालत आलेली ही संस्था. तिथले सचिव मिलार्ड साहेब. पोरगं दारात मेलेली चिमणी घेऊन घाबरत उभं. साहेबांनी पक्षी हातात घेऊन ओळखला, पीतकंठी चिमणी, आणि एकेक खण उघडून पेंढा भरून ठेवलेले पक्षी त्याला दाखवत गेले. तिथनं पुढं सगळं घडलं.

ही गोष्ट सांगताना मी इथं थांबतो. कारण एका वर्षी आमच्याकडं सातवीतला एक मुलगा आला होता, खिशातनं गलोलीचं रबर बाहेर लोंबत होतं. बरोबरच्या बाईंनी ते ओढून काढलं आणि त्याला घरी पाठवायला निघाल्या. मी म्हटलं, थांबा बाई. त्याला विचारलं, "काय काय पाडलंस आजवर?" तो खाली मान घालून म्हणाला, "व्हले, साळुंक्या... एक हिरवा होता, त्याचं नाव ठाऊक न्हाई." मी म्हटलं, कसा होता सांग. त्यानं त्या पक्ष्याची चोच, पाय, कपाळावरचा लाल टिळा सगळं इतकं बारीक सांगितलं की दुर्बीणवाल्या पोरांनाही सांगता आलं नसतं. तो तांबट होता. नाव सांगितल्यावर गप्प झाला. त्या दिवशी वही त्याच्याकडंच दिली. त्याची नजर अशी की आमच्या सगळ्यांच्या आधी त्याला पक्षी दिसायचा. गलोल त्यानं मला दिली नाही, मीही मागितली नाही. पुढच्या वर्षी तो आला तेव्हा खिसा मोकळा होता. तुमच्या कार्यक्रमाला असा एखादा येणारच. त्याला हाकलू नका.

गोष्टीचा दुसरा भाग मोठ्या मुलांसाठी ठेवा. १९३० साली जर्मनीहून शिकून परतल्यावर सलीम अलींना नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथं सुगरणींच्या वसाहतीसमोर रोज बसले. सुगरण म्हणतो आपण, पण घरटं विणतो नर. अर्धं विणून झालं की मादी येऊन आतनं बाहेरनं बघते, पसंत पडलं तर राहते, मग नर खालची नळी पुरी करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं सुरू करतो. हे कोणी नीट बघून मांडलं नव्हतं, ते त्यांनी मांडलं. एवढं सांगून मुलांना विहिरीवरच्या बाभळीची रिकामी घरटी दाखवा. नोव्हेंबरात विणीचा हंगाम उलटलेला असतो, तरी काढून आणायची नाहीत. खालनं बघा, अर्धवट सोडलेली किती आणि नळीपर्यंत पुरी झालेली किती, ते मोजा. नापसंत घरटी मोजताना पोरं फार हळहळतात.

पाहुणा बोलवायचाच असेल तर नदीवरचा माणूस बोलवा. आम्ही एका म्हाताऱ्या नावाड्यांना बोलावलं होतं. काठाच्या मातीत खंड्याचं बीळ कुठं असतं, त्याच्या तोंडाशी माशांच्या काट्यांचा वास कसा येतो, पूर यायच्या आधी कोणते पक्षी कुठं सरकतात, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. शाल-श्रीफळ त्यांना दिलं तेव्हा मुलांनी आपणहून टाळ्या वाजवल्या.

काही गोष्टी ठामपणे नाही म्हणायच्या. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा कोण आला म्हणून जीव काढत फिरतो. फोटोसाठी झुडपं हलवायची नाहीत. एका वर्षी एक पालक कौतुकानं पिंजऱ्यातला पोपट घेऊन आले. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आपल्या रानातला पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, वनखात्याशी बोलून घ्या. चारचौघांत बोललो असतो तर ते पुन्हा आले नसते, आणि त्यांचा मुलगाही.

खाण्याचं सोपं ठेवा. आम्ही भडंग आणि केळी देतो, चहा मोठ्यांना. भडंग कागदाच्या पुडीत न देता घरनं आणलेल्या डब्यात वाढायची. पुड्या उडून नदीत जातात. फ्लेक्सऐवजी शाळेचा लाकडी फळा नेतो आणि एखादी मुलगी त्यावर रंगीत खडूनं पीतकंठी चिमणी काढते. खर्च म्हणाल तर भडंग, केळी आणि वह्या, वर्गणीची पावती फाडावी लागत नाही.

आता वही. आमच्या पहिल्या दोन वर्षांच्या वह्या जेल पेननं लिहिलेल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, प्रयोगशाळेतली कपाटं बुडाली. चिखल वाळल्यावर वह्या उघडल्या तर पानापानावर नुसते निळे ढग. एक आकडा वाचता आला नाही. त्याच गठ्ठ्यात एका वर्षाची वही चुकून शिसपेन्सिलीनं लिहिलेली होती. पानं तपकिरी झाली, पण अक्षर न् अक्षर शाबूत. तेव्हापासून पेन्सिलच, आणि घरी आल्यावर त्याच संध्याकाळी दुसऱ्या वहीत उतरवून ती वेगळ्या घरी ठेवायची. मोबाइल चालवणारं कोणी असेल तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही यादी टाका, तिथं ती जगभरच्या अभ्यासकांना मिळते. पण कागदाची वही सोडू नका. पोरांना आपलं अक्षर बघायला आवडतं.

पूर ओसरल्यावर त्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा त्याच पाच जागी उभे राहिलो. तिसऱ्या जागी आधीच्या वहीत वटवट्या होते. त्या वर्षी लव्हाळा सगळा वाहून गेलेला, ताजा गाळ पसरलेला, वटवट्या एकही नाही आणि गाळावर टिटव्याच टिटव्या. मुलं स्वतःच दोन वह्या शेजारी ठेवून बघत होती. दोन वर्षांनी लव्हाळा परत उगवला, आणि चौथीतल्या एका पोरीनं तिसऱ्या जागेसमोर "वटवट्या १" असं लिहिलं.

वहीच्या पहिल्या पानावर तारीख, उजाडायची वेळ, धुकं होतं की नव्हतं, पाणी किती, ऊसतोड सुरू झाली का आणि कोण कोण आलं ते लिहा. शेवटचं पान पुढच्या वर्षीच्या माणसासाठी राखून ठेवा. आमच्या गेल्या वर्षीच्या वहीत त्या पानावर असं आहे: "दोरी जुनी झाली, नवी आणणे. चौथ्या जागेवरचं चिंचेचं झाड तोडलं, सावली नाही, तरी जागा बदलायची नाही. दोन नंबरच्या दुर्बिणीचा पट्टा तुटला आहे. नावाडी बाबांना आठ दिवस आधी सांगणे."